हमाली वेगळी

२०२५च्या मे महिन्यात माथेरानच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात मी जवळजवळ पाऊण तास उभा होतो. तूरडाळ एक किलो, तांदूळ दोन किलो, तेलाची पिशवी, साखर, चहा, कांदे, बटाटे, आलं, लसूण, डझनभर अंडी. सोलापूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाच सौदा मी गप्पा मारता मारता घेतो. इथे मात्र प्रत्येक वस्तूचा भाव विचारत होतो आणि मनातल्या मनात सोलापूरशी ताडून पाहत होतो. छापील किमतीच्या वस्तू छापील किमतीलाच होत्या. सगळी कसर सुट्या मालावर निघत होती. आदल्याच दिवशी नेरळला उतरल्यावर भाजीवाल्याकडे बटाट्याचा भाव ऐकला होता, इथे तो किलोमागे पंधरा रुपयांनी जास्त. टोमॅटोचं तर विचारूच नका.

शेवटी न राहवून मी म्हणालो, "चाचा, ही तर पर्यटकांची लूट झाली."

दुकानदार साठीचे होते. ते चिडले नाहीत. गल्ल्याखालून त्यांनी एक चुरगळलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरळ केला. नेरळच्या घाऊक दुकानाचं बिल होतं ते. त्याखाली त्यांनी स्वतः पेनने लिहिलं होतं: टेम्पो, दस्तुरीला उतरवणी, घोडा, दुकानात लावणी. प्रत्येकापुढे एक आकडा.

"भाव नेरळचाच आहे, सर. हमाली वेगळी."

त्यांनी मला 'सर' कशावरून म्हटलं कोण जाणे. कदाचित खिशाला लावलेल्या दोन पेनांवरून. मी पैसे दिले, पिशव्या उचलल्या आणि निघालो. तो कागद मात्र चार दिवस डोक्यातून जाईना. आज लिहितोय ते त्या कागदाबद्दलच.

आधी आम्ही तिथे किराणा का घेत होतो ते सांगतो, नाहीतर वाचकांना वाटेल की थंड हवेच्या ठिकाणी जाऊन माणूस डाळ-तांदूळ कशाला मोजतो. आम्ही पाचजण होतो. मी, पत्नी, अम्मी आणि दोन मुलं. पाच माणसांनी चार दिवस हॉटेलात दोन वेळा जेवायचं म्हणजे माझ्या पगाराचा चांगला लचका. शिवाय अम्मीला बाहेरच्या मटणाची खात्री वाटत नाही, आणि खात्री झाली तरी चव पटत नाही. म्हणून एका घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या होत्या, ओटा आणि गॅससकट. ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी अम्मीने सोलापूरहून आणलीच होती. बाकीचं वर मिळेल, असं मीच सर्वांना सांगितलं होतं.

आणखी एक कारण होतं, ते मी मुलांना महिनाभर ऐकवत होतो. माथेरानची रेल्वे "आपल्या माणसाने" बांधली. सर आदमजी पीरभॉय आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन. आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर वर्षातून दोन-तीनदा पीरभॉयांचा फोटो फिरतो आणि खाली अभिमानाचे अंगठे उमटतात. मीही अंगठा देणाऱ्यांपैकीच. प्रत्यक्षात नेरळहून वर जाणाऱ्या गाडीची तिकिटं मिळाली नाहीत. फेऱ्या मोजक्या आणि गर्दी सुट्टीची. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, मग अमन लॉजहून शटल, असे आम्ही पोहोचलो. धाकटा म्हणाला, "अब्बू, आपली म्हणता आणि आपल्यालाच जागा नाही."

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. साधारण अडीच हजार फुटांवरचं, चारी बाजूंनी तुटलेलं, झाडांनी गच्च भरलेलं एक पठार. पुस्तकात लिहिलेलं असतं की १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट याने त्याचा 'शोध' लावला. तो डोंगराखाली चौक गावाशी मुक्कामाला होता आणि गावच्या पाटलाला बरोबर घेऊन वर चढला. ज्या डोंगरावर जायला गावचा पाटील वाट दाखवतो त्या डोंगराचा शोध कसा लागतो, हा प्रश्न सातवीतल्या मुलांनी मला एकदा विचारला होता आणि मला तो फार आवडला होता. पायथ्याला आणि उतारावर ठाकूर, कातकरी होते, गुरं घेऊन फिरणारे धनगर होते. त्यांना वाटा ठाऊक होत्या. मॅलेटने तिथे राहायला घर बांधलं, ही नवी गोष्ट होती. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने जागा पसंत केली आणि बंगले उठू लागले.

बंगले उठले म्हणजे चुली आल्या, आणि चुली आल्या म्हणजे रोजचा किराणा आला. इथेच माथेरानची गोष्ट इतर गिरिस्थानांपेक्षा वेगळी होते.

महाबळेश्वर घ्या. तिथे १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन इंग्रजांनी माल्कम पेठ वसवली आणि थोड्याच वर्षांत तिथे भाज्यांचे मळे झाले. मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी तिथल्या तुरुंगात होते. त्यांनी बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, आणि त्यांचं पाहून आसपासच्या लोकांनीही. उटीला तर कलेक्टर सलिव्हनने सुरुवातीलाच बटाटा लावला. या ठिकाणी साहेबाचं ताट निम्मं तरी डोंगरावरच भरायचं. माथेरानला तशी सोय नव्हती. पठार चिंचोळं, माती जांभ्याची, पाऊस वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास, आणि तो सगळा कड्यावरून खाली वाहून जाणारा. उरलेली जागा जंगलाची. पिण्याचं पाणी शार्लट तलावाचं. तिथे मळे करायचे कुठे? म्हणून पहिल्या बंगल्याच्या पहिल्या जेवणापासून आजच्या माझ्या तूरडाळीपर्यंत माथेरानने जे खाल्लं ते बहुतेक सगळं खालून आलं आहे. कोणीतरी आणलं आहे.

१८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे गेली आणि नेरळ हे माथेरानचं दार झालं. तिथून वर सात मैलांची चढण. साहेब घोड्यावर किंवा पालखीत. पालखी भोयांच्या खांद्यावर. सामान डोक्यावर किंवा जनावराच्या पाठीवर. साहेबांच्या पाठोपाठ मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेठ आले आणि त्यांनीही बंगले बांधले. या मंडळींची खाण्यापिण्याची शिस्त एकमेकांपेक्षा वेगळी. एकाला दुसऱ्याच्या चुलीवरचं चालत नाही. त्यामुळे प्रत्येक कुटुंब आपला आचारी आणि आपली भांडी घेऊन यायचं, आणि धान्य-मसाले तर हवेतच. माझ्या अम्मीने ज्वारीचं पीठ नेलं त्यात नवीन काही नव्हतं. दीडशे वर्षं हेच चाललं आहे. फरक एवढाच की अम्मीचं पीठ मी स्वतः पाठीवर घेऊन गेलो होतो.

आता पीरभॉयांकडे येऊ. आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर काड्यापेट्या विकत होते असं सांगतात. पुढे त्यांनी लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याच्या कंत्राटांवर अफाट पैसा कमावला. धारावीत त्यांचा चामड्याचा मोठा कारखाना होता. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. १९०७ च्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. (फिरत्या पोस्टमध्ये कधी हे असतं, कधी नसतं. पाठवणारा कोण यावर अवलंबून. मी दोन्ही प्रकारच्या पोस्ट पाहिल्या आहेत आणि दोन्हींत माणूस अर्धाच असतो.)

त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांना माथेरानचं वेड. नेरळला उतरले आणि वर जायला वाहनच मिळालं नाही, तेव्हा चिडून त्यांनी "आता रेल्वेनेच येईन" असं ठरवलं, ही कथा माथेरानात कोणीही सांगतं. कथा खरी असो नसो, रेल्वे खरी आहे. १९०४ ला काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटरचा मार्ग, सोळा लाख रुपये खर्च. तोही मुख्यतः वडिलांच्या पैशातून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा छोट्या रेल्वेतला जाणकार सल्लागार होता, इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. डोंगराला कापून सरळ जाण्याऐवजी रूळ डोंगराच्या अंगाने वळणं घेत चढतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान. एका हिंदी व्यापाऱ्याने खाजगी पैशातून, घाटाच्या अंगाखांद्यावर, तीन वर्षांत हे उभं केलं. अभिमान वाटावा असंच हे काम आहे आणि मला तो अजूनही वाटतो.

पण माझ्या किराणा बिलाने त्या अभिमानाला एक प्रश्न जोडून दिला. रेल्वे आली म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरलं का?

काही उतरलं. गाडी माणसांबरोबर मालही नेते. आजही अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलमध्ये पार्सलं चढताना आम्ही पाहिली. पण दोन गोष्टी उरल्याच. एक म्हणजे स्टेशनच्या पुढची वाट. बंगले पठारभर विखुरलेले, आणि मोटारीला बंदी. स्टेशनापासून बंगल्याच्या स्वयंपाकघरापर्यंत ओझं पुन्हा माणसाकडे किंवा जनावराकडेच. दुसरी म्हणजे पाऊस. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ-माथेरान गाडी बंद असते, कारण डोंगर रुळांवर येतो. नेमकं याच काळात वर राहणाऱ्या कुटुंबांना धान्य लागतं, पर्यटकांपेक्षा जास्त. कोकणात पावसाळ्याआधीच्या भरण्याला 'आगोट' म्हणतात. मिरची, मसाला, तांदूळ, डाळी, सुकी मासळी, सरपण, सगळं मे अखेरीला घरात. आमच्या घरमालकीणबाई आगोटीच्याच गडबडीत होत्या. मागच्या पडवीत तांदळाची पोती रचलेली होती. "पाऊस लागला की दुकानदार पण आमच्यासारखाच कोंडलेला," त्या म्हणाल्या.

गाडीचा भरवसाही कधी सलग राहिला नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून नेला, तो २००७ मध्ये, म्हणजे रेल्वेच्या शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने परत दरडी आणल्या आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. एवढी वर्षं माथेरान उपाशी राहिलं नाही. डाळ येतच होती. नेरळ-दस्तुरी टेम्पोने आणि दस्तुरीपासून पुढे ज्यांनी आणली त्यांनी.

इथे थोडं शब्दांविषयी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. बाजारातले आपले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. बाजार, दुकान, तराजू, वजन, माल. 'हमाल' त्यांतलाच. अरबीत ह-म-ल या मूळ धातूचा अर्थ ओझं वाहणं. त्याच मुळापासून उर्दूत 'हमल' म्हणजे गर्भ, 'हामिला' म्हणजे गरोदर बाई, आणि 'तहम्मुल' म्हणजे सोसण्याची ताकद, सबुरी. मराठीने या कुटुंबातल्या हमालाला घरात घेतलं, आणि त्यालाही दाराबाहेर बसवलं. आपण सामानाच्या बिलात 'हमाली' लिहितो तेव्हा तिच्या बहिणी आपल्याला आठवत नाहीत. मला त्या माथेरानात तिसऱ्या दिवशी आठवल्या.

त्या दिवशी सकाळी आम्ही सनसेट पॉइंटकडे फिरायला गेलो होतो. सूर्यास्ताच्या जागी सकाळी जाण्याचं कारण गर्दी टाळणं, दुसरं काही नाही. तिथे कड्याच्या बाजूने खालून, धोदाणीकडून येणारी पायवाट वर निघते. त्या वाटेने तीन बायका वर आल्या. दोघींच्या डोक्यावर टोपल्या, तिसरीच्या डोक्यावर कापडात बांधलेलं गाठोडं. टोपल्यांत काकड्या, भेंडी, पानांत गुंडाळलेली करवंदं आणि जांभळं. त्या झाडाखाली टेकल्या. एकीने डोक्यावरची चुंबळ काढून वारा घेतला.

मी भेंडीचा भाव विचारला. तिने सांगितलेला भाव बाजारातल्या दुकानापेक्षा कमी होता. आणि मी, शिक्षकी पेशात वीस वर्षं काढलेला माणूस, सवयीने त्यातही पाच रुपये कमी करायला सांगितले.

पत्नीने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. पिशवी पुढे केली आणि सांगितलेले पैसे दिले. अम्मी त्या बाईंना म्हणाली, "किती वेळ लागला चढायला?"

"दोन तास. उजाडायच्या आधी निघलो."

"ओझ्यासकट?"

"मग? ओझ्यासाठीच तर येतो." आणि मग हसून, "चढायला काही नाही, आई. दम लागला की थांबता येतं. उतरताना गुडघं थांबत नाहीत."

खोलीवर परतताना मी हिशेब करत होतो. दुकानदार चाचांच्या बटाट्यात टेम्पो होता, उतरवणी होती, घोडा होता. त्यांनी ते लिहून ठेवलं होतं आणि किलोमागे वाटून घेतलं होतं. घोडेवाल्याला त्याची मजुरी मिळाली, घोड्याला चारा मिळाला, आणि ते पैसे शेवटी माझ्या खिशातून गेले. सगळं रास्त. त्यालाच मी लूट म्हणालो होतो. ह्या बाईंच्या भेंडीत हमालीचा आकडा कुठेच नव्हता. दोन तासांची चढण, उतरणीचे गुडघे, यांचा भाव तिने लावलाच नव्हता. तो लावला असता तर भेंडी दुकानापेक्षा महाग झाली असती आणि कोणी घेतली नसती. जिथे हमाली लिहिलेली आहे तिथे मी भांडलो, आणि जिथे ती लिहिलेलीच नाही तिथेही मी भाव पाडून मागितला.

माथेरानचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही साधारण हेच केलं आहे. मॅलेट आहे, एल्फिन्स्टन आहे, पीरभॉय आहेत. पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावं आहेत. पोचवणाऱ्यांच्या नावाचा पॉइंट मला दिसला नाही.

एक माणूस मात्र असा होऊन गेला ज्याने या डोंगराच्या धान्याकडे खालून पाहिलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात जन्म. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांना आपण ओळखतो ते १९४२च्या आझाद दस्त्यामुळे, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या साथीदारांमुळे आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर त्यांना आलेल्या हौतात्म्यामुळे. पाठ्यपुस्तकात दोन ओळी असतात त्या यावरच. त्याआधीचं त्यांचं काम मला जास्त जवळचं वाटतं. पायथ्याच्या गावांतले शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात, जुनं धान्य संपून नवं यायच्या आधी, सावकाराच्या दारात जात. तो दाणे देई आणि सुगीला कितीतरी जास्त वसूल करी. कोतवालांनी लोकांसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या. अडचणीत धान्य उसनं घ्या, पीक आलं की परत भरा. डोंगरावर गव्हर्नर आणि शेठ लोकांची ताटं भरत होती तेव्हा त्याच डोंगराच्या पायथ्याला, ती ताटं भरायला ओझं वाहणाऱ्यांच्या घरात दाणे नव्हते, हे माथेरानात वाढलेल्या एका पोराला दिसलं होतं. बंगल्यांच्या मागच्या दाराने ये-जा करणाऱ्या वस्तीत वाढलेल्याला ते दिसणारच.

मी मुलांना पीरभॉयांबद्दल महिनाभर सांगितलं होतं. कोतवालांबद्दल त्या दुपारी, भेंडी चिरता चिरता सांगितलं. लेकीने विचारलं, "ते पण आपले का?" मी म्हणालो, "हो." धाकट्याला धान्याच्या पेढीत पासबुक असतं का, हे जाणून घ्यायचं होतं.

आता आजचं. मोटारींना बंदी हवी की नको यावर माथेरानात दोन तट आहेत आणि दोन्हींकडचे लोक मला चार दिवसांत भेटले. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. गाड्या नाहीत म्हणून तर हवा अशी आहे, झाडं अशी आहेत, लोक येतात ते त्यासाठीच. दुसरीकडे आजारी माणसाला दस्तुरीपर्यंत नेणं, शाळेत लांबून येणारी मुलं, आणि महाग किराणा. ई-रिक्षा आल्या आहेत, थोड्या. घोडेवाल्यांना वाटतं, आज माणसं नेतील, उद्या माल नेतील, मग आमच्या जनावरांचं काय? ही भीती खोटी नाही. आम्ही जुम्माच्या नमाजला मशिदीत गेलो तेव्हा बाहेर वजूच्या जागी दोन घोडेवाले याच विषयावर बोलत होते, एकजण तर कर्जाचा हप्ता सांगत होता. त्याच्या घोड्याचा हप्ता.

आम्ही परत आल्यावर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी चालू असू शकत नाही, असा त्याचा आशय. ओढणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळावा हेही त्यात आहे. बातमी वाचून मला बरं वाटलं. मी स्वतः त्या रिक्षात बसलो नव्हतो, पण अम्मीचे पाय दुखायला लागले तेव्हा बसवायचा विचार केला होता. तिनेच नकार दिला.

माझं मत विचाराल तर असं: डोंगरावर विजेच्या गाड्या येणारच असतील तर त्या आधी मालासाठी याव्यात आणि मग माझ्यासारख्या पर्यटकांसाठी. तांदळाचं पोतं आणि गॅसचा सिलिंडर माणसाच्या डोक्यावरून उतरला की पर्यटकाने दोन-तीन किलोमीटर चालायला काहीच हरकत नाही. तो चालायलाच तर आलेला असतो. आणि त्या गाड्या चालवण्याचा परवाना आज जे ओढतात, वाहतात, हाकतात त्यांच्याच नावावर हवा. नाहीतर ओझं उतरेल आणि त्याबरोबर चूलही विझेल. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. धोदाणीच्या वाटेने येणाऱ्या बायकांसाठी तर कुठलीच गाडी येणार नाही. ती वाट कड्याची आहे.

निघायच्या दिवशी उरलेल्या किराण्याचा प्रश्न आला. दीड किलो तांदूळ, अर्धी पिशवी तेल, किलोभर बटाटे. पत्नी बांधायला लागली, मीही हातभार लावत होतो. पैसे दिलेत, सोडायचं कशाला? अम्मी म्हणाली, "इत्ता ऊपर लाको रक्खे लोगां, अब नीचे ले जाते क्या?" तांदूळ आणि तेल घरमालकीणबाईंच्या आगोटीत गेलं. त्यांनी आढेवेढे घेतले, मग मुलांच्या हातावर चिक्कीचं पाकीट ठेवलं. बटाटे उकडून, मीठ-मिरची लावून प्रवासासाठी डब्यात भरले.

जाताना दुकानदार चाचांना सलाम करायला थांबलो. दारात घोडा उभा होता, पाठीवर दोन्ही बाजूंनी पोती. एक पोरगा पोती सोडत होता. चाचा पेन घेऊन कागदावर आकडे मांडत होते. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी लूट म्हणालो, माफ करा."

"सगळेच म्हणतात, सर," ते म्हणाले आणि पोराला ओरडले, "अरे, कांदा सावलीत ठेव!"

नेरळला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर तोच भाजीवाला बसला होता. आम्ही डब्यातले बटाटे खात लोकलची वाट पाहत होतो. धाकटा उठून गेला, भाजीवाल्याशी काहीतरी बोलला आणि परत आला.

"अब्बू, बटाटे इथे पंधरा रुपयांनी कमी आहेत."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मी त्यांना सांगितलं, तुमची हमाली वेगळी नाही म्हणून. तर ते म्हणाले, आमचा बटाटा पण खालूनच येतो, बाळा. पुण्याहून."

लोकल आली. गर्दी होती. अम्मीला खिडकी मिळाली.